दवाखान्याची पायरी

स्मरणिकेसाठी महासाथीच्या काळाविषयी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला. करोनावर इतके लिहून आणि बोलून झाले आहे की आणखी एक लेख वाचण्याची इच्छा कितीजणांना उरली असेल, याविषयी मी साशंक होतो. परंतु जे लिहिले गेले त्यात मोठी रुग्णालये आहेत, अतिदक्षता विभाग आहेत, लस आहे, प्राणवायूचे टँकर आहेत. दोन खोल्या, एक ओटा आणि एक कंपाउंडर एवढ्या भांडवलावर चालणारा जो दवाखाना आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य आजारी माणसे प्रथम गाठतात, त्याने त्या दोन वर्षांत काय करायचे होते, हे फारसे कोणी सांगितलेले नाही. माझा दवाखाना याच जातीचा असल्यामुळे मी तेवढ्यावरच लिहितो. यातील वैद्यकीय भाग आपल्या डॉक्टर बंधुभगिनींना परिचित आहे. तो मी समाजातील इतर वाचकांसाठी जरा विस्ताराने मांडला आहे, हे त्यांनी समजून घ्यावे.

अगदी सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, त्या दिवशी माझ्या कपाटात या रोगावरचे एकही औषध नव्हते. पुढे सव्वा वर्षानंतर, दुसरी लाट ओसरली तेव्हाही घरी राहणाऱ्या साध्या रुग्णाला देण्यासारखे, खात्रीने गुण देणारे औषध कपाटात आलेले नव्हते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आले आणि गेले. आयव्हरमेक्टिन आले आणि गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून ही दोन्ही नावे काढून टाकण्यात आली. प्लाझ्मा तर त्याआधीच, मे महिन्यात वगळला गेला होता. बहुसंख्य रुग्ण स्वतःच्या प्रतिकारशक्तीने बरे होत होते आणि त्यांचे श्रेय आमच्या चिठ्ठीवरील गोळ्यांना मिळत होते. मग दवाखान्याचे काम काय उरले? काम एवढेच उरले की, न सांगता बिघडत जाणारे जे थोडे रुग्ण असतात ते बिघडण्यापूर्वी पायरीवर यावेत आणि तेथून योग्य वेळी पुढे जावेत. ऐकायला हे किरकोळ वाटते. ते किरकोळ का नाही, हे सांगण्यासाठी मला एका जुन्या दवाखान्याकडे जावे लागेल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रथम ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी. तेही वस्तीत व्यवसाय करणारे डॉक्टरच होते, ही गोष्ट मला नेहमी लक्षात ठेवाविशी वाटते. काही महिन्यांत रोग पुण्यात पोचला. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये येरसँ यांना सापडला होता, पण तो उंदरावरील पिसवांमार्फत माणसात येतो हे सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली होती, परंतु ती पुण्याच्या पेठांत आणि आसपासच्या खेड्यांत पोचायला अवकाश होता. थोडक्यात, १८९७ च्या आरंभी प्लेगवर औषध नव्हते आणि तो कसा पसरतो हेही ठाऊक नव्हते.

अशा वेळी पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर एक दवाखाना उभा राहिला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत त्या वेळी लष्करी वैद्यकीय सेवेत होते. आईच्या बोलावण्यावरून ते पुण्यास आले आणि त्यांनी हा दवाखाना चालवला. तेथे उपचार म्हणून काय असू शकले असते? मोकळी हवा, स्वच्छता, पाणी, शुश्रूषा, आणि रोगट घरापासून दूर असलेली जागा. यातील शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुढे विज्ञानाने पटवून दिले. उंदीर आणि पिसवा घरातच राहतात. त्यामुळे घर सोडून माळावर गेलेला माणूस संसर्गाच्या उगमापासूनच दूर जातो. कारण माहीत नसतानाही जागेची निवड बरोबर ठरली होती.

तथापि, त्या दवाखान्याचे खरे वैशिष्ट्य मला आणखी एका गोष्टीत दिसते. तेथे रुग्ण आणले जात होते, आणि आणणारे माणूस त्यांच्या ओळखीचे, विश्वासाचे होते. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला. मुलगा वाचला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

याच्या तीनच दिवसांनंतर, १३ मार्चपासून, रँडसाहेबांच्या प्लेग समितीचे सोल्जर पुण्यात घरोघर शिरून रुग्ण शोधू लागले. त्यांच्या पाठीशी ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला साथरोग कायदा होता. हेतू रुग्ण वेगळे करण्याचा होता, म्हणजे माळावरील दवाखान्याचाच. पण परिणाम काय झाला? लोक आजारी माणसे लपवू लागले, गाठ आल्याचे दडवू लागले. पुढचा इतिहास, २२ जूनच्या रात्रीचा, शाळेतील मुलांनाही पाठ आहे. आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने त्यातून एकच मुद्दा मी घेतो. ज्या दाराशी जायची भीती वाटते त्या दाराशी माणूस उशिरा जातो, आणि औषध नसलेल्या रोगात उशीर हेच मरणाचे मोठे कारण असते.

आता आपल्या आदिलाबादकडे वळतो. हाच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर आला आणि तेलंगण शासनाने त्याखाली कोविडचे नियम लागू केले. २५ मार्चपासून टाळेबंदी सुरू झाली. नागपूर-हैदराबाद महामार्ग आपल्या गावावरून जातो. त्या रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन उत्तरेकडे चालत निघालेले मजूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. आजाराची भीती होती, परंतु त्याहून मोठी भीती ओळखले जाण्याची होती. दारावर कागद चिकटेल, गल्लीला बांबू लागतील, किराणा बंद होईल, मुलीचे ठरलेले लग्न मोडेल. ताप आलेला माणूस खोकला गिळून बसत असे. पैनगंगेकाठच्या एका गावातील घरात तर सासूबाईंना ताप असताना सुनेने ‘त्या माहेरी गेल्या आहेत’ असे सांगितल्याचे मला नंतर कळले. सत्तरीच्या बाईला माहेर कोठले, असा विचार विचारणाऱ्यानेही केला नाही!

त्याच दिवसांत देशभर अनेक छोटे दवाखाने बंद झाले. हे आपण आपसात तरी मान्य करावे. १९९४ साली सुरतेत प्लेगची वार्ता पसरली तेव्हाही अनेक खासगी डॉक्टर शहर सोडून गेले होते. मी त्यांना दोष देत नाही. घरी म्हातारे आईवडील आणि अंगात मधुमेह असलेल्या डॉक्टराने काय करावे, हे दुसऱ्याने सांगू नये. पण कुलूप लागलेल्या दवाखान्याची पायरी रुग्ण चढू शकत नाही, हेही तितकेच खरे.

आमच्या दवाखान्यात पहिला बदल केला तो जागेचा. तपासणीची खोली बंद करून बाक, टेबल आणि खुर्च्या अंगणातील कडुनिंबाखाली मांडल्या. त्या वेळी सारा भर हात धुण्यावर आणि पृष्ठभाग पुसण्यावर होता. रोग मुख्यतः हवेतून पसरतो, हे स्पष्टपणे सांगितले जायला २०२१ उजाडले. आम्ही झाडाखाली गेलो ते काही संशोधन वाचून नव्हे. खोलीत पंखा एकच होता आणि खिडकी रस्त्याच्या बाजूला उघडत नव्हती. उन्हाळ्यात पहाटे सहा ते दहा आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, अशी वेळ ठेवली. याचा एक अनपेक्षित लाभ झाला. झाडाखाली बसलेला माणूस ‘करोनाच्या दवाखान्यात गेला’ असे कोणी म्हणत नसे. तो नुसता बसलेला असे.

दुसरे काम दिवस मोजण्याचे, आणि माझ्या मते हेच मुख्य. या रोगाची एक विशिष्ट चाल आहे. पहिले चारपाच दिवस ताप, अंगदुखी, खोकला. नंतर बहुतेकांचे सगळेच कमी होते. काहींच्या बाबतीत मात्र ताप उतरतो आणि पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान फुफ्फुसांना सूज येऊ लागते. म्हणजे ज्या दिवशी रुग्णाला बरे वाटू लागते, नेमके तेव्हापासून त्याच्यावर लक्ष ठेवायला हवे. हे गळी उतरवणे फार कठीण होते. ‘डाक्टरसाहेब, ताप त उतरला, आता कायले येऊ?’ हे वाक्य मी एप्रिल-मे २०२१ मध्ये फोनवर रोज ऐकले. शिवाय लोक दिवस मोजत ते तपासणीचा अहवाल आल्यापासून. मोजायचे असतात ते पहिले लक्षण दिसल्यापासून. तारीख विचारली तर आठवत नसे, पण ‘ताप बाजाराच्या आदल्या दिवशी आला की नंतर’ असे विचारले की गाडी रुळावर येई. मग घरच्या भिंतीवरील कालनिर्णयवर पहिल्या दिवसाला एक फुली आणि पाचव्यापासून दहाव्यापर्यंतच्या चौकटींना गोल, असे आम्ही करायला लावले. या भागात एकाच घरात मराठी, तेलुगू, कोठे गोंडी, कोठे बंजारा बोलली जाते. गोल काढलेली चौकट सर्वांनाच वाचता येते.

त्या गोलांच्या दिवसांत पाहायचे काय, तर बोटावरील ऑक्सिमीटरचा आकडा. हे यंत्र आता घराघरांत आहे, म्हणून त्यामागील तत्त्व थोडक्यात सांगतो. प्राणवायू घेतलेले रक्त लालभडक असते, न घेतलेले काळसर. यंत्र बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाशकिरण सोडते आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी कोणता किती शोषला गेला त्यावरून प्रमाण काढते. नाडीच्या स्पंदनाचा असा उपयोग करण्याची कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची, १९७० च्या दशकातील. साऱ्या जगाला त्यांच्या यंत्राची गरज पडली त्याच सुमारास, १८ एप्रिल २०२० रोजी, ते निवर्तले. बोट थंड असेल, नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. काळ्या त्वचेच्या माणसांत तो प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो, हे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने ठळकपणे पुढे आणले. उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसांच्या बाबतीत ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. म्हणून मी एका आकड्यावर विसंबत नसे. रुग्णाला सहा मिनिटे चालवून आकडा तीनने किंवा अधिक घसरतो का, हे पाहत असे. मिनिटाला श्वास किती, हेही मोजत असे. श्वास चोवीसच्या पुढे किंवा आकडा चौऱ्याण्णवच्या खाली, म्हणजे घर सोडायची वेळ.

आता प्रश्न असा की आकडा पंच्याऐंशीवर आलेला माणूस फोनवर हसतबोलत कसा असतो? त्याला धाप का लागत नाही? श्वास घ्यावासा वाटण्याची आपली जी ऊर्मी आहे ती मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे येते. प्राणवायू घटल्याची चाहूल शरीराला बऱ्याच उशिरा लागते. सुजलेल्या फुफ्फुसातूनही कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर पडत राहतो, कारण तो प्राणवायूपेक्षा सुमारे वीसपट सुलभपणे पडद्यांतून झिरपतो. त्यामुळे आतला प्राणवायू घटत जातो आणि धोक्याची घंटा मात्र वाजत नाही.

दुसरी गोष्ट हिमोग्लोबिनच्या स्वभावाची. ती समजावण्यासाठी मी रुग्णांना महबूब घाटाचे उदाहरण देत असे. आपण जुन्या रस्त्याने निर्मलकडे निघालो की बराच वेळ पठारावरून जात असतो; मैलामागून मैल जातात तरी उतार जाणवत नाही. मग एकदम घाट लागतो आणि थोड्याच अंतरात गाडी खाली येते. रक्तातील प्राणवायूचेही तसेच आहे. फुफ्फुसांतील प्राणवायूचा दाब बराच घटला तरी आकडा अठ्ठ्याण्णववरून चौऱ्याण्णववर येतो, इतकेच. नव्वदच्या खाली मात्र दाब थोडासा घटला तरी आकडा कोसळतो. ‘कालपर्यंत त्र्याण्णव होते, एका रात्रीत कसे काय झाले?’ असे नातेवाईक विचारत, त्याचे उत्तर हे आहे. त्र्याण्णव म्हणजे गाडी घाटाच्या तोंडाशी आलेली असते.

याच ठिकाणी स्टेरॉइडचा विषय येतो. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने आणि प्राणवायूवरील रुग्णांचे सुमारे एकपंचमांशाने कमी झाले. त्याच चाचणीने हेही सांगितले की, ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना या औषधाचा लाभ नाही, कदाचित अपायच आहे. पहिल्या दिवसांत विषाणू वाढत असतो, तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणे. बातमीचा पहिला अर्धा भाग गावोगाव पोचला, दुसरा पोचला नाही. दुसऱ्या दिवशीच इंजेक्शन, ताप लगेच खाली, रुग्ण खूश. आठव्या दिवशी दम. मधुमेही असेल तर साखर चारशेच्या पुढे. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस, ज्याला लोक काळी बुरशी म्हणू लागले, तो नाक-डोळ्यांचा भयंकर आजार याच जोडीतून फोफावला.

ही इंजेक्शने देणारे पुष्कळदा गावातील आरएमपी असत. त्यांच्याविषयी आपल्या व्यवसायात काय बोलले जाते ते मला माहीत आहे, आणि पुढचे वाक्य काहींना रुचणार नाही याचीही कल्पना आहे. मी त्यांना शिव्या देण्याऐवजी फोन केले. टाळेबंदीत रात्री दोन वाजता जो माणूस दार उघडतो त्याच्याकडेच गाव जाणार. त्याला वगळून रुग्णापर्यंत पोचण्याचा रस्ता माझ्याकडे नव्हता. ‘सुई देऊ नका, दिवस मोजा, आकडा मला कळवा, रुग्ण तुमचाच राहील’ एवढेच सांगितले. सगळ्यांनी ऐकले नाही, पण ज्यांनी ऐकले त्यांच्या गावातून रुग्ण सातव्या दिवशी येऊ लागले. याच महिन्यात राज्यात घरोघरी तापाची पाहणी झाली. आशाताई आणि एएनएम औषधांची पुडकी घेऊन फिरल्या. पुण्यातल्या त्या घरझडतीशी तुलना करता येथे उंबऱ्यावर येणारी बाई गावातलीच होती, तिच्या हातात बंदूक नव्हती, आणि पुष्कळ घरांनी तिला खरे सांगितले.

रुग्ण ओळखला तरी त्याला पाठवायचे कोठे, हा तिसरा भाग. २००८ साली सुरू झालेले आपले रिम्स हाच जिल्ह्याचा आधार होता, आणि नदीपलीकडील यवतमाळ-नांदेडच्या गावांचाही. नागपूर सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद ३००. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांचा ओढा दूरच्या शहराकडे असे. त्यात मे २०२१ मध्ये राज्याच्या सीमांवर बाहेरून येणाऱ्या रुग्णवाहिका अडवल्या जाऊ लागल्या. तेलंगण उच्च न्यायालयाने १४ मे रोजी त्या परिपत्रकाला स्थगिती दिली. मधल्या दिवसांत आमच्यासारख्या सीमेवरच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिताना नकाशाही डोळ्यांपुढे आणावा लागे.

त्याच आठवड्यातील एक रुग्ण मला विसरता येत नाही. नदीपलीकडचा कापूस पिकवणारा शेतकरी, वय पंचेचाळीसच्या आसपास, आठवा दिवस, आकडा अठ्ठ्याऐंशी. तो झाडाखाली बसून मृगाआधी वखरणी व्हायला हवी, यावरच बोलत होता. थोरला भाऊ नागपूरला नेऊ म्हणत होता, तेथे कोणी खाट शोधून देणार होते. मेहुणा घरीच सिलिंडर लावू म्हणत होता. धाकटी वहिनी गप्प होती. मी तिलाच विचारले, ‘ताई, तुम्हांला काय वाटते?’ ती म्हणाली, ‘जवळ असेल तिथे न्या. दिसत तरी राहतील.’ चार किलोमीटरवर सरकारी खाट मिळेल असे फोनवर कळले होते. पालथे झोपवून, तोंड एका बाजूला करून, त्याला टमटमच्या मागच्या बाजूला घातले. पालथे झोपल्याने पाठीकडील फुफ्फुस मोकळे होते आणि आकडा दोनचार अंकांनी वर येऊ शकतो. वाटेत तेवढेही पुष्कळ असते. तो तेरा दिवसांनी परतला. वखरणी भावाने केली होती. त्याच दिवशी त्याच्या शेजारच्या गावातील एक गृहस्थ अकराव्या दिवशी आले. त्यांना पुढे पाठवण्याइतका वेळ आम्हांला मिळाला नाही. दोघांच्या आजारात फरक असेलही, पण मला दिसणारा फरक तीन दिवसांचा होता.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण त्या काळात जे पायरीवर आलेच नाहीत त्यांचा हिशेब अजून पुरता झालेला नाही. २०१९ साली देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते. २०२० साली तो आकडा सुमारे १८ लाखांवर आला. क्षय काही सहा लाखांनी घटला नव्हता. ती माणसे खोकला दडवून घरी बसली होती, कारण त्या वर्षी खोकणाऱ्याला कोणी जवळ उभे करत नव्हते. त्यांपैकी काही आमच्याकडे २०२२ मध्ये आली, छातीच्या क्ष-किरण चित्रात मोठी पोकळी घेऊन. ज्या वहीत करोनाचे दिवस मोजले तिच्या उरलेल्या पानांवर आता खोकल्याचे आठवडे मोजतो. दोन आठवडे झाले की थुंकी तपासायला पाठवायची. नावे घ्यायला आशाताई दर मंगळवारी येतात. बाक अजून कडुनिंबाखालीच आहे.